नंबर पडलेली झाडं

नंदुरबार स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्याकडे दोन टेप, लाल रंगाचा एक डबा आणि एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा भरपूर रुबाब होता. उन्हाळी इंटर्नशिप होती: सातपुड्यातलं जुनं जंगल मोजायचं आणि शेवटी पायथ्याच्या खापर गावच्या आठवडी बाजारात लोकांना त्याचं महत्त्व समजावून सांगायचं. सोबत वर्गातला तेजस. त्याला झाडांपेक्षा जेवणाची चिंता जास्त.

जीपमध्ये शेजारच्या मावशींनी चौकशी आरंभली. झाडं मोजायला साताऱ्याहून आलोय म्हटल्यावर त्या अहिराणीत म्हणाल्या, "तुन्हा गावमा झाडे नहीत का, माय?" (तुझ्या गावात झाडं नाहीत का?) अख्खी जीप हसली. मी खिडकीबाहेर बघत बसले.

खापरहून वर चढत गेलो आणि पुढे नुसती पायवाट उरली. पाड्यावर (वस्तीवर) घराघरापुढे कैरीच्या फोडी वाळत होत्या, आमचुराचे दिवस. मुक्काम वेस्ताबाबांकडे. सत्तरीचे, काटक, जंगल दाखवणार तेच. घरात पावरी बोली, आमच्याशी मोडकीतोडकी मराठी. त्यांच्या पत्नी रायलीबाई ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ वाढायच्या. मी मोजणीसाठी आले होते खरी, पण त्या घरात भाकरी मोजायची सोय नव्हती.

जंगल पाड्याच्या वरच्या अंगाला. देवाचं म्हणून तिथलं वाळकं लाकूडही कोणी आणत नाही. साग, अंजन, मोह, हळदू. वर बघता बघता मान अवघडली. बाबा चपला काढून आत शिरले म्हणून आम्हीही काढल्या. पहिल्याच काट्याला तेजस बोंबलला.

दुसऱ्या दिवशी बाबा नातेवाइकांच्या लग्नाला गेले आणि आम्ही दोघंच कामाला लागलो. छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, तिथे लाल पट्टा मारायचा, खाली नंबर टाकायचा. संध्याकाळपर्यंत चाळीस झाडं. नंबर मी अगदी सुबक काढले. शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं ना!

सकाळी जाऊन बघतो तर निम्म्याहून जास्त नंबरांवर शेण फासलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तणतणत पाड्यावर आले तर तिथे माणसं आधीच जमलेली, आणि माझ्यापेक्षा जास्त भडकलेली. या दोघांना आजच खाली पाठवायचं, असं त्यांचं ठरलं होतं. पहाटे लग्नाहून परतलेल्या बाबांनी आमचा रंगाचा डबा उचलून पाहिला. मग म्हणाले, "ठेकेदाराचा डबा मीच धरायचो. लालच रंग. नंबर पडला की चार दिवसांत झाड आडवं."

तरुणपणी ते लाकूडतोडीवर मजुरीला जायचे. त्यांनी समोरची टेकडी दाखवली. तिच्यावर नुसतं गवत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आम्ही माफी मागितली आणि उरलेल्या नंबरांवर स्वतःच्या हातांनी शेण फासलं. तेजसने त्या दिवशी जेवण नको म्हटलं, यावरून काय ते ओळखा. संध्याकाळी रायलीबाईंनीच वाट काढली: झाडांना नावं आहेत, ती लिहा. पाड्यानेही अट घालून मान्य केलं, की रंग नाही आणि बाबांशिवाय जायचं नाही. मग तीन आठवडे माझ्या वहीत 'दोन भावांचा साग', 'म्हातारीचा मोह' असं उतरत गेलं. एका हळदूचं नाव 'आळशी', कारण तो सगळ्यांत उशिरा पालवतो. तेजस जेवणाचा डबा त्याच्याच बुंध्याशी बसून खायचा.

खापरच्या बाजारात माझ्या भाषणाला तीन माणसं जमली, त्यातलं एक सावलीसाठी आलेलं. मग बाबा उठले आणि आपल्या भाषेत एकेका झाडाची गोष्ट सांगू लागले, तशा भाजीवाल्याही टोपल्या सोडून आल्या. मी गुपचूप माझा झाडांचा तक्ता धरून उभी राहिले.

निघायच्या दिवशी बाबांनी वही मागितली. नावं वाचून घेतली, दोन चुका काढल्या आणि शेवटच्या पानावर मी काढलेल्या झाडांच्या नकाशावर बोट ठेवलं.

"हा कागद कोणाच्या हातात जाईल?"

"आमच्या सरांच्या."

"आणि सरांनंतर?"

मला समोरची गवताची टेकडी आठवली. वाईट वाटलं आणि लाजही वाटली. मी ते पान फाडून बाबांना दिलं, मोबाइलमधल्या जागेच्या नोंदी त्यांच्यासमोर पुसल्या. तेजसनेही आपला मोबाइल काढून नोंदी पुसल्या.

साताऱ्यात सरांनी अहवाल परत केला. घेर उत्तम, नावं छान, पण छापायचा तर पाड्याचं नाव आणि नकाशा हवाच. नाहीतर इंटर्नशिप अपुरी धरणार. मी म्हटलं, "सर, बाबांना विचारून सांगते."

खापरच्या एका दुकानदाराकरवी बाबांना निरोप पाठवलाय, उत्तर यायचंय. तोवर माझी इंटर्नशिप अपुरी. आणि पाड्याचं नाव तुम्हालाही सांगितलेलं नाही, त्याबद्दल रागावू नका.