खैरुनभाभीचं बोट

मी देवाजी. जनावराच्या दवाखान्यात चौतीस वर्षं पट्टीबंधक होतो. म्हणजे डॉक्टर सांगते अन् आम्ही करतो. बैलाचा खूर, म्हशीची कास, शेळीचा मोडलेला पाय, कुरखेड्याच्या आजूबाजूचं कोणतं जनावर माह्या हाताखालून गेलं नाई ते सांगा. म्हणून माह्यासमोर कोणी शहाणपणा केला की मले राग येते. आमची सून रश्मी म्हणते, बाबा, राग तुमच्या नाकावरच बसला असते. असन बाप्पा. पण एका बाईपुढं मी मान खाली घालतो, अन् ते काऊन, ते सांगतो.

खैरुनभाभी आमच्या गल्लीतली पिंजारीण, वय सत्तरच्या वर. तिचा नवरा नूर मोहम्मद खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरे, लोकाच्या गाद्या-रजया भरून दे. तो गेला तेव्हा भाभीच्या पदरात दोन पोरी होत्या. लोक म्हणत, बाई कुठी पिंजण उचलते काय? तिनं उचललं. माणसापेक्षा उंच ते धनुष्यासारखं लाकूड घेऊन एसटीत चढे, कंडक्टर नाई म्हणे तर पायी जाये. धानोऱ्याच्या पल्याडच्या गावापर्यंत तिनं रजया भरल्या अन् दोन्ही पोरी शिकवल्या. आता फोमच्या गाद्या आल्या, भाभीचा खांदाही गेला. तरी कोणाचा जुना, गोळे झालेला कापूस असन, तर तो बोटानं फोडून देते. माह्या बायकोच्या, कमळाच्या, जुन्या गादीचा कापूस मीच दिला होता तिले. कमळा गेली, तिचा कापूस कायले फेकू? म्हटलं, माह्यासाठी रजई कर.

मागच्या हिवाळ्यात रश्मी राईस मिलच्या कोंड्यातून एक मांजर घेऊन आली. लोक त्याले उदमांजर समजून काठ्या घेऊन उभे होते. उदमांजर कायचं, लंब्या केसाची घरातली मांजर होती ती. भाड्यानं राहणारं कोणी गाव सोडून गेलं अन् हिले इथीच टाकून गेलं. असल्या लोकाले काय म्हणावं, मी इथं लिहीत नाई. अंगावर हात ठेवायले जागा नव्हती. चिखल, कोंडा अन् तिचीच घाण मिळून मागच्या अंगाची गोवरी झाली होती. शेपटी मांडीले चिकटलेली. खालची वाट पार बुजलेली, अन् पोट ढोलासारखं टणक.

डॉक्टर बाहेरगावी होते. रश्मीनं फोटो पाठवून फोन केला. ते म्हणाले, हिले भूल देऊनच केस काढावे लागन, पण इतकी अशक्त मांजर भूल सोसन असं वाटत नाई. मी सकाळी येतो. तोवर वाट मोकळी झाली नाई, तर ती मी यायची वाट पाहणार नाई.

मी म्हटलं, डॉक्टर पायजेच कायले? म्हशीच्या मांड्यावरचं वाळलेलं शेण मी कोमट पाण्यानं हजारदा सोडवलं. हिलेही बसवलं घमेल्यात. अर्धा तास भिजवलं, चोळलं, ओढलं. घाण थोडी गेली, पण केस असे आवळले की गोवरीचं लाकूड झालं. मंग कैची घेतली. केसासंग कातडीही वर येऊन राह्यली होती, केस कुठी संपते अन् कातडी कुठी लागते ते समजे ना. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मी कैची खाली ठेवली. मांजर ओरडतही नव्हती आता. माह्याच शहाणपणानं ती मरणार, हे मले दिसत होतं.

निदान ऊब तरी भेटो म्हणून मी मूठभर कापूस मागायले भाभीकडं गेलो. कायले पायजे, तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, इथी आण.

अंगणात उन्हात बसून तिनं नुसता हात फिरवला अन् माह्याकडं पाहिलं.

"ओला कापूस कोणी पिंजते काय, देवाजीभाऊ?"

पी हळद अन् हो गोरी असं होत नाई, म्हणे, आधी वाळू द्या. कोरड्या फडक्यानं टिपलं, उन्हात धरलं, तांदळाचं पीठ मुठीनं चोळलं. पिठानं ओल पिली. दुपार कलली तेव्हा कुठी तिनं बोटं घातली. रश्मीनं मांजरीले फडक्यात गुंडाळून धरलं, मी पुढचे पाय धरले.

भाभी ओढतच नव्हती. गाठीच्या कडेपासून चिमटीनं केस सुटे करे, जसा जुना कापूस फोडते तसेच. म्हणे, गाठ आपोआप होत नाई भाऊ, तिच्या पोटात काही असते, ते शोधा. अन् खरंच, एकेका गाठीतून गोखरू निघाले, कुसळं निघाली. शेपटीखालची मोठी गाठ मात्र हलेना. तेव्हा तिनं धागा कापायची लहान कैची घेतली. डाव्या हाताचं बोट गाठीच्या खालून कातडीले लावून सरकवलं, अन् त्या बोटाच्या वरून गाठ उभी चिरायले लागली.

मी म्हटलं, भाभी, तुम्हाले बरोबर दिसत नाई, लागन.

"लागलं तर आधी माह्या बोटाले लागन," ती म्हणाली. "मंग तिले."

गाठीच्या पोटात पोत्याची सुतळी निघाली, मांडी अन् शेपटीले वेढा घालून बसलेली. ती सुटली तशी गोवरी दोन फाकात हातात आली. खालची कातडी लाल, पण अख्खी. मी घाण पुसली, तेल लावलं, पोटावर गरम फडकं फिरवलं. हे काम मात्र माहं, ते मले येते. मंग आम्ही तिघं तिच्याकडं पाहत बसलो. ती लटपटत उठली, भाभीनं भरून अंगणात उन्हात टाकलेल्या माह्या नव्याकोऱ्या रजईवर चढली, एक गिरकी घेतली अन् बसली.

"हागली!" मी असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. "रश्मी, हागली!"

कमळाच्या कापसावर हागली, अन् मी डोळे पुसून राह्यलो होतो. कमळा असती तर पोट धरून हासली असती. भाभी म्हणाली, खोळ धुवून देईन, रडता कायले. तिले वाटलं मी रजईसाठी रडतो.

सकाळी डॉक्टर आले. मांजर भाभीच्या दारात दूध पीत होती. मागून भादरल्यासारखी, पण पांढरी स्वच्छ. डॉक्टरनं शेपटी उचलून उजेडात पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, देवाजी, एक ओरखडा नाई, कोणत्या मशीननं केलं?

भाभी हात पदराखाली लपवत होती. मी तिचा डावा हात धरून डॉक्टरपुढं केला. पहिल्या बोटावर कैचीचे चार घाव होते, वाळलेल्या रक्तात अजून तांदळाचं पीठ होतं.

"या मशीननं," मी म्हटलं.