तीन टेकू

सातपूरच्या एका कारखान्यात प्रेसखाली दादाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि तो घरी बसला. बसला म्हणजे अगदी बसला. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर, आणि कुणी आलं की हात टॉवेलखाली. मी द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये जुनी मिलिंग मशीन टाकून बाहेरची कामं घ्यायचो. त्याला बोलावलं की म्हणायचा, "मला आता पाना धरवत नाही." ज्यानं मला पाना धरायला शिकवलं, त्यानं हे म्हणावं! मला राग यायचा. त्याचा नाही, त्या टॉवेलचा.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सटाण्याचा एक कांदा व्यापारी बिडाची दोन कास्टिंगं घेऊन आला. त्याच्या कांदा निवडायच्या मशीनची चाळण कमी-जास्त तिरपी करायचा तो भाग. त्यात कमानीसारखी वळणारी आरपार खाच पाडायची होती.

"दोनच शेतस, भाऊ. जपीसन करा," एवढं सांगून तो गेला.

कास्टिंगचा आकार आल्याच्या गड्ड्यासारखा, सगळीकडून कान फुटलेले. शेगड्याच्या जबड्यात धरावं तर निसटायचं, टेबलावर ठेवावं तर डुलायचं. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो ऐकून दादा बाहेर आला.

"ओरडून बसणार आहे का ते? आण इकडे."

फिरत्या टेबलावर कास्टिंग ठेवून त्यानं फटींत मिळतील तिथं पट्ट्या कोंबल्या आणि वरून क्लॅम्प लावले. पण आपल्या पकडीवर त्याचा भरवसा नव्हता. म्हणून जोर वाढवायला त्यानं पान्याला पाईप लावला आणि ओढला. कट्! एक कान तुटून खाली पडला. ज्या कानावर जोर पडला, त्याच्या खाली नेमकी पोकळी होती.

दादानं पाना खाली ठेवला, हात टॉवेलात गुंडाळला आणि आत गेला. जेवलाही नाही. वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बोटं मीच तोडली होती. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस शेडकडे फिरकणार नाही.

दुपारी मी दुसरं कास्टिंग घेऊन एकटाच झटत होतो. दारातून आवाज आला.

"चुलीला दगड किती मांडतात रे?"

"तीन."

"का?"

"चौथा लावला की भांडं डुगडुगतं."

"मग तू पाच टेकू कशाला देतोयस?"

आम्ही सगळ्या पट्ट्या काढून फेकल्या. तीन बोल्ट उभे केले आणि एकेक फिरवत कास्टिंगला नुसते टेकवले. बरोबर त्यांच्याच डोक्यावर तीन क्लॅम्प. दादानं पाईपकडे पाहिलंही नाही. तीन बोटांनी पाना धरून हळूहळू आवळलं आणि "बास" म्हणाला. मी हलवून पाहिलं. जागचं हलेना.

टेबल फिरवायला मी चाकाकडे गेलो. "सरक," दादा म्हणाला. चाकाची गोल मूठ त्याच्या तळव्यात नीट बसली. तो सावकाश फिरवत गेला, काळी भुकटी उडत गेली आणि खाच वळत गेली. पुरी झाल्यावर त्यात बोल्ट घालून पाहिला, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद सरकला. दादा तो उगीचच सरकवत बसला.

संध्याकाळी व्यापारी आला. मी काही बोलायच्या आत दादा पुढं झाला. तुटका कान त्याच उजव्या हातात धरून म्हणाला, "एक माझ्या हातून तुटलं." त्या माणसानं हात पाहिला, मग खाच पाहिली. "एक भेटनं ना? चाली जाई," म्हणाला आणि कास्टिंग पिशवीत टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं कारखान्यातला खाकी शर्ट घातला आणि वहिनीला म्हणाला, "डबा भर."

शेड स्वयंपाकघराला लागूनच. पण कुठं निघालात, असं वहिनीनं विचारलं नाही. माळ्यावरून डबा काढला, राखेनं घासला आणि पोळीभाजी भरून दिली. दुपारी आम्ही दोघांनी शेडमध्येच डबा खाल्ला. भिंतीपलीकडे वहिनी एकटीच जेवत होती. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी आपल्याला अन्न गोड लागलं, असं तिनंच मला नंतर सांगितलं.