पावाच्या पिशवीची जागा

एंडेल पिह्लाक,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी दुकानात शिरले की तुम्ही कोपऱ्यातून माझ्याकडे संशयाने बघताय असंच वाटतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

१९६८चा उन्हाळा. इतिहासाची पदवी घेऊन मी ताल्लिनच्या चित्रपट स्टुडिओत गणवेश शिवत होते, आणि आमचा युद्धपट तुमच्या गावात आला. गावात धडधाकट पुरुष मिळाले चाळीस, कथेत सैन्यं दोन. म्हणून तीच माणसं सकाळी रशियन आणि जेवणानंतर जर्मन. कुणाला नवल वाटलं नाही; आपल्याकडे खरं युद्धही पुष्कळ घरांत तसंच झालं होतं, एक भाऊ रशियनांकडून, दुसरा जर्मनांकडून. तुम्ही सामूहिक शेतीवरचे यंत्रदुरुस्तीवाले, त्रेचाळीस वर्षांचे, एकटे, अबोल. सरकारी कागदावर तुम्ही लिहिलं होतं की चव्वेचाळीस साली, जर्मनांनी गावची पोरं सैन्यात ओढली तेव्हा, मावशीकडे विषमज्वराने पडून होतो.

तिसऱ्या दुपारी जर्मन पट्टे वाटले. जर्मन शिपायाची शिध्याची, पावाची पिशवी पट्ट्याला कुठे अडकवायची, कुणाला कळेना. तुम्ही मात्र शेजाऱ्याशी बोलता बोलता, न बघता, ती मागे उजव्या बाजूला अडकवलीत, वर पाण्याची बाटली लावलीत. मी पाहिलं. आणि मॉस्कोहून आलेला सल्लागार मेजर रांग तपासत तुमच्याकडेच येत होता.

मी पिशवी ओढून काढली आणि तुमच्या पोटावर लटकवली. "एवढे घोडे झालात, पिशवी कुठे लावतात कळत नाही?"

मेजर हसला. स्वतःच्या हातांनी ती मागे, होती तिथेच नेऊन लावली. "अशी लावतात, काका."

संध्याकाळी सूपच्या रांगेत तुम्ही माझ्या मागे आलात.

"पिशवी का काढलीस?"

"चुकीची होती."

"बरोबर होती. तुलाही ठाऊक आहे."

"मला पुस्तकातून ठाऊक आहे. तुम्हाला कुठून?"

तुम्ही वाडगं पुढे करून सूप घेतलंत. मग म्हणालात, "तू कुणाची माणूस आहेस?"

आभार राहिले बाजूला. मी रात्रभर धुमसले.

पुढे मी तुमच्याच गावच्या मास्तरांशी, काल्यूशी, लग्न केलं. त्यानंतरच्या वसंतात तुम्हाला गुप्त पोलिसांनी जिल्ह्याला बोलावलं. दोन दिवसांनी परत आलात आणि यंत्रशाळेतून तुमची गोठ्यावर बदली झाली. कुणीतरी कळवलं होतं. तुम्ही संशय माझ्यावर धरलात. मीही मागे राहिले नाही: दोनच दिवसांत सुटका? बदल्यात कुणाची नावं दिली? पंचवीस वर्षं आपण एकमेकांना 'नमस्कार, नमस्कार' करत राहिलो.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात तुम्ही माझ्या दारात.

"गुप्त पोलिसांच्या जुन्या फायली आता बघायला देतात म्हणे. माझे डोळे गेले. तू चल वाचायला."

"पुतण्या आहे की तुमचा."

"तो मला बरं वाटावं म्हणून खोटं वाचेल. तू नाही वाचणार."

"आणि माझंच नाव निघालं तर?"

"तर परत येताना वेगळ्या बसने येईन."

मला हसू आलं. तुम्हालाही आलं असावं, पण तुम्ही टोपीशी खेळत राहिलात. सही केलेला अर्ज टेबलावर ठेवलात. "टपालात टाक. तारीख कळवतील."

आता खरं सांगते. मी कुणाला कळवलं नव्हतं. पण पिशवीची गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती, लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात, हसत हसत. काल्यूला. तुम्ही आलात तेव्हा तो शेजारच्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत होता. तुमचा शब्द न् शब्द त्याने ऐकला असणार. जेवताना मात्र तो फक्त बटाट्यांबद्दल बोलला.

मी विचारलं नाही. तो वारेपर्यंत विचारलं नाही.

त्या शरद ऋतूत तुम्ही दुकानात दर आठवड्याला विचारायचात, "आलं का उत्तर?" मी म्हणायचे, "नाही आलं." ते खोटं नव्हतं. तुम्ही त्या कचेरीच्या आळशीपणाला शिव्या घालायचात, आणि मी पिशवीत पाव भरायचे. फेब्रुवारीत तुम्ही गेलात.

टपालपेटी माझ्या दारापासून शंभर पावलांवर आहे. अर्ज मी टाकला नाही.