आईच्या फोटोला हार

माझा भाऊ प्रितेश कादंबरीकार झाला, याचं दिवाळे कोळीवाड्यात सगळ्यांना केवढं कौतुक! मला नाही. मी त्याची सख्खी बहीण, त्याला चांगली ओळखून आहे.

आमची आई, चंद्राबाई, मासळी विकते. तिच्याच टोपलीवर तो शिकला, खांदेश्वरला फ्लॅट घेऊन राहिला. ती शाळेत आली की हा तोंड लपवायचा. वासानं मळमळतं म्हणायचा. आता त्याच वासावर पानंच्या पानं लिहिलीत! कादंबरीतला मुलगा आईच्या ओल्या पदरात तोंड खुपसून रडतो. शेवटी आई खाडीत बुडून मरते. जिवंत आईसाठी कोण रडणार? वर मुलाखतीत ठोकून दिलं, ‘हे सगळं माझंच आयुष्य आहे.’

आईला वाचता येत नाही आणि मी तिला ते वाचून दाखवलं नाही. दर रविवारी मात्र तिनं साफ केलेल्या मासळीचा डबा मी त्याच्या घरी पोचवायचे.

वाशीत त्याचा सत्कार ठरला. आम्हाला बोलावणं नव्हतंच, पण आई ऐकेना. नऊवारी, सोन्याचा हार, अबोलीची वेणी. नेसताना सारखं एकच, “अमिता, आय म्हनून वर बोलवल ना गो मना?”

आम्ही हॉलमध्ये शिरलो. स्टेजवर आईचा फोटो, त्याला चंदनाचा हार, पुढे समई. आयोजकांनी कादंबरी खरी मानली होती. त्यांनी फोटो मागितला आणि यानं मुकाट्यानं दिला.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी आईला पाहिलं. “अगदी फोटोतल्यासारख्या दिसतात हो! कोण या?”

प्रितेशच्या हातात माइक होता. तो हसून म्हणाला, “माझी मावशी.”

टाळ्या पडल्या. मला इतकी किळस आली की तिथंच थुंकावंसं वाटलं. मी उठले तर आईनं हात धरून खाली बसवलं. कार्यक्रम संपेपर्यंत ती स्वतःच्या फोटोकडे बघत होती.

रविवारी दुपारी त्याचा फोन. “डबा कुठाय? पाहुणे आलेत माझ्याकडे.”

आईनं कोलंबी सोलता सोलता ओल्या हातानं फोन घेतला.

“तुजी आय मेली ना रं? मेलेली मानसं डबा नाय पाठवत.”