आत्याचा शंख आणि तीन चेंडू

देवासच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी धारच्या बसस्टँडवर आत्याची धुतलेली लुगडी घेऊन उभी होते. "आता नको येऊस," भाऊ म्हणाला, "आम्हीच तिला घेऊन येतोय…" पिशवी हातातच राहिली.

आत्या म्हणजे आमच्या गल्लीचा भोंगा. नळाच्या पाण्यासाठी मोर्चा काढायचा असला की ती देवातला शंख घेऊन ओट्यावर यायची आणि एका दमात असा फुंकायची की समोरचा पानवाला हात जोडायचा, "बस करो बुआजी, कान गए!" बायका जमल्या की माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. वर हिंदी, खाली मराठी. शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. "ज्याला गरज आहे त्याला समजलं पाहिजे," ती म्हणायची, "नाहीतर कागद फुकट."

तिच्या आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आल्यावर नर्सनं प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. एक नळी, तीन रंगीत चेंडू. "इससे एक्सरसाइज करना, अम्मा," म्हणाली आणि गेली. आत्याला हसूच आलं. शंख वाजवणाऱ्या बाईला हे खेळणं! तिनं नळी तोंडात धरून फुंकलं. चेंडू हलले नाहीत. टाक्यांवर हात दाबून पुन्हा फुंकलं… "भिया, ये तो बिगड़ा हुआ है," ती वॉर्डबॉयला म्हणाली. "रहने दो बुआजी, आराम करो."

आराम! भेटायला येणारा प्रत्येक जण तेच सांगत होता. आई तर तिचा हात धरून बसली होती, "वन्सं, खोकू नका, टाके तुटतील." मायेनंच सांगत होती. आत्या खोकला गिळत उताणी पडून राहिली. मग ताप, मग धाप.

"ऑपरेशन अच्छा हुआ था," नंतर मी कागदपत्रं आणायला देवासला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "निमोनिया हो गया. गहरी साँस लेनी थी, खाँसना था, उठकर बैठना था."

"उन्हें बताया किसने था?" मी विचारलं. ते मोबाइल बघू लागले. त्या दवाखान्याच्या भिंती पॅकेजच्या जाहिरातींनी भरल्या आहेत. ही एक ओळ कुठेही नाही. शेजारी उभं राहून, करून दाखवायला असा किती वेळ लागला असता?

तेराव्यानंतर देवघर आवरताना शंखाशेजारी ते यंत्र दिसलं. कुणी ठेवलं, ठाऊक नाही. मी नळी तोंडाला लावली. फुंकणार तोच हुंदका आला, श्वास आत ओढला गेला… आणि तिन्ही चेंडू वर गेले.

फुंकायचं नव्हतंच, आत्या. ओढायचं होतं.

माझा दम संपला तसे चेंडू खाली आले. शंख अजून देवातच आहे. तो वाजेल इतका श्वास या घरात आता कुणाकडे नाही.