श्री. अस्वले यांस सक्त समज

जंगल खात्याच्या ऑफिसात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक कागद आणि दुसरे अस्वलाचे किस्से. कागदांना वाळवी लागते, त्यामुळं ते कमी तरी होतात. किस्से वाढतच जातात. दर बदलीला नवा माणूस येतो, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं आणि सांगताना थोडी भर पडतेच! मी मात्र भर घालणार नाही. मी तिथं कारकून होतो. कारकुनाला पदरचं अक्षर घालायची परवानगी नसते.

आमचं रेंज ऑफिस तुळजापूरच्या मागच्या डोंगरात होतं. तीन खोल्या, पुढं लिंबाचं झाड आणि दारावर पाटी. ही पाटी माझ्या देखत तीनदा रंगवली. आधी हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. अस्वलांना यातलं काहीच कळवलेलं नव्हतं. सीताफळं पिकली की ती आपली जुन्याच वाटेनं यायची. आता त्या डोंगरात औषधालासुद्धा अस्वल सापडायचं नाही, पण तेव्हा होती.

माणसं आम्ही चारच. रेंजर साहेब पुण्याकडचे, नुकतेच बदलून आलेले, पुस्तकं वाचणारे. रहीमचाचा निजामाच्या काळापासूनचे नाकेदार, म्हणजे जंगलाचे राखणदार, दाढी मेंदीनं लाल केलेली. दुसरा नाकेदार भानुदास, जळकोटचा. तो कानात कुजबुजला तरी शेजारच्या टेकडीवर ऐकू जायचं. आणि चौथा मी. चाचा मला ‘मुन्शीजी’ म्हणत.

*

साहेबांनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला लिंबाखाली उभं केलं आणि अस्वल समोर आलं तर काय करायचं, याचा क्लास घेतला.

“घाबरायचं नाही. जमिनीवर पडायचं, श्वास रोखायचा आणि मेल्याचं सोंग घ्यायचं.”

नुसतं सांगून थांबले नाहीत. इस्त्रीच्या खाकी कपड्यांनिशी स्वतः धुळीत आडवे झाले, डोळे मिटले.

चाचांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. मग खाली वाकले आणि साहेबांच्या कानाशी लाल दाढी नेऊन जोरात हुंगलं. फुस्स! फुस्स! गुदगुल्या होऊन साहेब फिसकन हसले.

“मर गए साब!” चाचा म्हणाले. “अस्वल ऐसाइच सूंगता.”

साहेब कपडे झटकत उठले. “मग तुम्ही काय करता?”

“उसको पहलेच मालूम होने देना. अस्वलाला दिसतं कमी, ऐकू येतं कमी. अन् ते खाण्यात दंग असतं. आपण एकदम पुढ्यात गेलो का ते घाबरतंय, अन् घाबरलं का फाडतंय. म्हणून खांसते जाना. बस!”

*

त्या दिवसापासून आम्ही सगळे खोकत जंगलात जायला लागलो. साहेबसुद्धा! पंधरा दिवसांत अशी सवय लागली की उंबरा ओलांडला की खोकला आपोआप यायचा.

एकदा देवी टोचायला फिरणारे डॉक्टर आमच्याकडे चहाला टेकले. समोरच्या उतारावरनं भानुदासचा खोकला आला. डॉक्टरांनी मान वर केली. नाल्यातनं चाचांचा आला. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मागच्या वाटेनं साहेब खोकत आले, आणि त्यांचं ऐकून आत बसल्या बसल्या मलाही उबळ आली. डॉक्टरांनी हळूच रुमाल काढून नाकाला लावला आणि चहा तसाच टाकून निघाले.

आठव्या दिवशी पत्र! ‘संपूर्ण ऑफिसची थुंकी तपासणीसाठी पाठवावी.’

साहेबांनी उत्तर मला स्वतः सांगून लिहून घेतलं : ‘खोकला फक्त सरकारी कामापुरता आहे.’

*

भानुदासला खोकणं पसंत नव्हतं. “म्या काय आजारी हाय का?” म्हणायचा. त्याला एकच गोष्ट झोकात यायची, कवायत. नाकेदारांच्या ट्रेनिंगला गेला होता तेव्हापासून तो रिकाम्या जंगलात एकटाच ‘दाहिने मूड’ करत फिरायचा.

एकदा सकाळी सीताफळीच्या झुडपाला वळसा घालून पुढं झाला, तर दहा पावलांवर अस्वल! पाठमोरं, फळात तोंड घातलेलं. काय करावं भानुदासला सुचेना. तोंडातनं जे निघायचं तेच निघालं.

“सावधान!”

अस्वल वळलं आणि चक्क मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहिलं! वास घ्यायला उभं राहतं ते तसं. पण भानुदासला काय वाटलं, त्याचं त्यालाच ठाऊक. तोही ताठ. हे दोघं समोरासमोर उभे. शेवटी भानुदासच म्हणाला,

“विश्राम!”

अस्वल खाली बसलं, चार पायांवर आलं आणि झाडीत निघून गेलं.

भानुदास धापा टाकत ऑफिसात आला. साहेबांना सलाम ठोकून म्हणाला, “साहेब, लई शिस्तीचं जनावर! आपल्या खात्यात घ्या त्याला!”

*

साहेबांचा स्वतःचा किस्सा ते हयातीत कुणाला सांगू देत नसत. बाईसाहेबांनी मात्र तो सगळ्या तुळजापुरात केला, म्हणून मीही सांगतो.

चाचांबरोबर फिरतीवर असताना साहेबांना लांब काळं काहीतरी हललेलं दिसलं. त्यांनी मागचा-पुढचा विचार न करता नाल्यातलं आंब्याचं झाड गाठलं आणि सरसर वर चढले. पुण्यात तालमीत जायचे, चढण्यात काही कमी नव्हतं.

चाचा खालनं ओरडले, “साब, उतरो! वो झाड उसकाच है!”

“काय?”

“खोडावर नखं बघा त्याची! अन् वर बघा, वर!”

साहेबांनी वर बघितलं. डोक्यावर हातभर अंतरावर सुपाएवढं मोहोळ! अस्वल रोज ज्यासाठी यायचं, साहेब नेमके त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले होते. साहेब उतरले ते चढले त्याच्या दुप्पट वेगानं, पण माश्या त्यांच्याहून वेगवान निघाल्या. त्या गडबडीत अस्वल कधी गेलं हे कुणी बघितलंच नाही.

चाचांनी त्यांना धरून क्वार्टरवर आणलं. तोंड भोपळ्यासारखं, डोळे मिटलेले, ओठ नाकाच्या वर. दार वाजवलं. बाईसाहेबांनी दार किलकिलं केलं, एकवार बघितलं आणि म्हणाल्या,

“साहेब फिरतीवर गेलेत. उद्या या!”

*

गयाबाई नावाची एक बाई होती, धनगराची, विधवा. डोंगरातली सीताफळं पाटीत भरून तुळजापुरात यात्रेकरूंना विकायची. एक दिवस दुपारची ती तरातरा ऑफिसात शिरली, ते थेट साहेबांच्या टेबलापाशी.

“तुमच्या अस्वलानं माजी पाटी खाल्ली!”

साहेब दचकले. “म्हणजे काय झालं? नीट सांगा.”

“वाटंवर आडवं आलं. पाटी खाली ठेवली अन् बोलत बोलत मागं सरले. ‘खा बाबा,’ म्हनलं, ‘तुजं बी प्वाट हाय, माजं बी हाय. तू फळं खा, मला नगं खाऊस.’ पाट न्हाय दावली म्या त्याला. धा झाडं मागं आले अन् मग पळाले.”

“शाबास! अगदी बरोबर केलंत,” साहेब म्हणाले. “पण बाई, ते आमचं अस्वल कसं?”

गयाबाईनं पदर खोचला. “मोळी बांदली तर तुमी म्हनता सरकारची. सीताफळं तोडली तर म्हनता सरकारची. गवत सरकारचं, डिंक सरकारचा. मंग अस्वल तेवढं माज्या माहेरचं व्हय?”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी टाक दौतीत बुडवून उगाच ढवळत बसलो. या प्रश्नाला आमच्याकडं फॉर्म नव्हता. शेवटी साहेबांनी हंगामभर सीताफळं न्यायचा परवाना तिथल्या तिथं लिहून दिला. गयाबाईनं तो घडी करून कमरेला लावला आणि दारातनं वळून म्हणाली,

“ह्यो कागूद अस्वलाला वाचता येतोय न्हवं?”

*

आता जो किस्सा आहे त्यात चूक माझी आहे, ती कबूल करतो.

चाचांना मराठी लिहिता यायचं नाही. ते रिपोर्ट उर्दूत लिहीत आणि मी तो मराठीत करून वर पाठवी. एकदा त्यांनी लिहिलं की अस्वलानं नाक्याचं कुंपण मोडलं, पाण्याचा रांजण फोडला आणि दोन दिवस वाटेवर ठाण मांडलं. माझं अक्षर घाईचं. त्यात वेलांटी कुठली, मात्रा कुठली. महिन्यानं वरच्या ऑफिसचं उत्तर आलं :

‘श्री. अस्वले यांचे वर्तन गंभीर आहे. सदर इसमास सक्त समज द्यावी व समज मिळाल्याबद्दल त्याची सही घेऊन पाठवावी.’

साहेब डोक्याला हात लावून बसले. भानुदास म्हणाला, “म्या जातो, आनतो सही!” मी चाचांना पत्र वाचून दाखवलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. खांद्यावरचा सदरा त्यांनी बाजूला केला.

“अंगूठा चलेगा क्या मुन्शीजी? उसका अंगूठा मेरे पास है.”

खांद्यापासून पाठीपर्यंत चार पांढऱ्या रेघा होत्या. इतकी वर्षं एका खोलीत बसत होतो, मला माहीत नव्हत्या.

मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांमागची गोष्ट. वारा असा सुटला होता की स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नव्हता. वळणावर मादी, तिच्या पाठीवर दोन पिल्लं. मागं सरायलाही वेळ मिळाला नाही. चाचा पालथे पडले, कांबळं डोक्यावर ओढलं, दोन्ही हातांची बोटं मानेमागं अडकवली आणि तोंड मातीत खुपसलं.

“तोंड न्हाय द्यायचं तिला. मान न्हाय द्यायची. बाकी जे पाहिजे ते ने म्हणायचं. वो मेरे उप्पर बैठी थी मुन्शीजी, और मैं बच्चों के नाम ले रहा था. सात बच्चे. पाचवं नाव घेतलं तवा ती उठली. बाकीची दोन नावं मी घरी जाऊन घेतली.”

मी हातातलं पत्र पालथं करून ठेवलं. चाचांनाच ते बरं वाटलं नसावं. सदरा सारखा करत म्हणाले, “दवाखान्यात मला टाके घातले. आमच्या बीबीनं कांबळ्याला घातले. डॉक्टरचे टाके अजून थंडीत ठणकतात. बीबीचे एकदम पक्के!”

वरच्या ऑफिसला मी काय कळवलं? ‘श्री. अस्वले पत्ता न ठेवता निघून गेले.’

*

शेवटचा किस्सा माझाच.

लग्नाला तीन आठवडे झाले होते. आमच्या गावाहून, तेरहून, आई-वडिलांचा निरोप आला, दोघांनी देवीला जाऊन या. आम्ही गेलो. ही सोलापूरची. वडील कचेरीत कारकून, त्यांचे मसुदे हिनंच लहानपणापासून सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेले. पण माझ्याशी तीन आठवड्यांत हिचं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘वाढू का?’ एवढंच. मला वाटायला लागलं होतं, मी हिला पसंतच नाही.

दर्शन झालं. परतीची मोटर चुकली. मी ऐटीत म्हणालो, “चल, डोंगरातनं जाऊ. जंगल म्हणजे आपलं घरच.” ती मागनं चालायला लागली. हिच्यासमोर कसं खोकायचं, म्हणून मी खोकलोही नाही.

अर्ध्या वाटेवर, भर उन्हात, वारूळ उकरत बसलेलं अस्वल! पंधरा पावलांवर. त्यानं मान वर केली. तोंडाला माती लागलेली, आणि नखं ही एवढाली.

पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हळू आवाजात बोलत मागं सरायचं. सगळं पाठ होतं. पण बोलायचं काय? आयुष्यात मी न अडखळता एकच गोष्ट बोलू शकत होतो.

“महाशय,” मी सुरुवात केली. “उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार हा सदरहू रस्त्याने केवळ घरी परत जात असून...”

एक पाऊल मागं. हिनं मागनं माझा सदरा मुठीत धरला होता, तीही एक पाऊल मागं.

“...आपल्या कामात व्यत्यय आणण्याचा त्याचा कोणताही उद्देश नाही. तरी त्यास सुखरूप जाऊ देण्याची कृपा व्हावी.”

अस्वल ऐकत होतं. हललं मात्र नाही.

“कळावे. आपला विश्वासू.”

पत्र संपलं! पुढं शब्द नाही. अस्वल एक पाऊल पुढं आलं. तेवढ्यात मागनं, अगदी कानाशी, आवाज आला.

“अहो, माझं राहिलं की! ताजा कलम घाला!”

“ताजा कलम,” मी म्हणालो. “सोबत कुटुंब आहे. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.”

अस्वलानं नाकातनं मोठ्यांदा ‘हुंफ’ केलं, वळलं आणि उतारावरच्या झाडीत गेलं. फांद्या हलायच्या थांबल्या.

मग हिनं माझा सदरा सोडला, त्याच्या चुण्या हातानं सारख्या केल्या आणि म्हणाली,

“पोच मिळाली. चला आता.”