भय्यासाहेबांचा जुळा भाऊ

फ्रीगंज पेठेत श्रीपाद आगाशे यांचा फोटो स्टुडिओ होता. अल्बमच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत नाव त्यांचं. मैद्याची खळ शिजवणं, कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालणं, जाड काळे कागद कापणं, बकऱ्याचं कातडं पुठ्ठ्यावर ताणून चढवणं, हे सगळं मागच्या खोलीत त्यांची बायको विनोदिनी करी. श्रीपाद बटण दाबत. आगाशेंच्या हातात कला आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत. विनोदिनीच्या हातांना मोरचुदाने भेगा पडल्या होत्या.

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं, त्या वर्षी भय्यासाहेब आपला अल्बम घेऊन आले. घराणं दरबारी. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते एक फोटो हटकून दाखवत: मधोमध खुर्चीत गोरा साहेब आणि मागे हात जोडून भय्यासाहेब. आता नवे मंत्री चहाला येणार होते आणि भय्यासाहेब एकाएकी जन्मापासूनचे देशभक्त झाले होते. साहेबाला काढा, म्हणाले. पण खुर्ची रिकामी बरी दिसत नाही, तिथे मलाच बसवा.

श्रीपादांनी मान डोलावली आणि अल्बम मागच्या खोलीत दिला.

विनोदिनीने साहेबाला कापून काढलं. भय्यासाहेबांच्या लग्नातल्या फोटोतून बसलेले भय्यासाहेब कातरून तिथे डकवले. मागे उभ्या असलेल्यांना मात्र तिने मुद्दाम हात लावला नाही. भय्यासाहेब स्वतःलाच हात जोडून उभे राहिले. श्रीपादांनी न बघता अल्बम परत दिला, भय्यासाहेबांनी न बघता शाबासकी दिली.

चहा घेताना मंत्र्यांनी तो फोटो निरखला. "ये पीछे कौन हैं? जुड़वा भाई?"

भय्यासाहेबांनी पाहिलं, कपाळाचा घाम पुसला. "जी. गुज़र गया बेचारा."

मंत्री हळहळले. बातमी गावभर झाली. माणसं समाचाराला येऊ लागली. दोघेतिघे तर त्या भावाबरोबर शाळेत असल्याचंही सांगू लागले. शेवटी राम घाटावरच्या गुरुजींनीच विचारलं, त्यांचं श्राद्ध कसं राहिलं? मग भय्यासाहेबांना कधी न जन्मलेल्या भावाचं पिंडदान करावं लागलं. श्रीपादांनी त्याचेही फोटो काढले.

संध्याकाळी भय्यासाहेब तणतणत स्टुडिओत आले; श्रीपादांनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं, तसे तिथे शिरले. "बाई, हे काय करून ठेवलंत?"

विनोदिनी खळ ढवळत होती. "आपण बसवायला सांगितलंत, बसवलं. उभे होते त्यांना काढा, असं कोणी म्हणालं नाही."

भय्यासाहेब आल्या पावली वळले. जाताना मात्र श्राद्धाच्या फोटोंसाठी नवा अल्बम सांगून गेले. मंत्री पुन्हा येणार होते.